गोव्यात राहून पोहता येत नाही

मी फोंड्याची, वय ४४. जूनपासून ट्रायथलॉनचा, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ अशा शर्यतीचा, सराव करते आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मिरामारला पहिल्यांदा आयर्नमॅन ७०.३ ही लांब पल्ल्याची ट्रायथलॉन झाली, तेव्हा रस्त्याकडेला उभी राहून मी टाळ्या वाजवल्या होत्या. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, वर २१.१ किलोमीटर धावणं. मैलांत बेरीज केली की ७०.३. तेवढं मला नको. मला स्प्रिंट, म्हणजे छोटी ट्रायथलॉन, पुरे: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं.

सायकल आणि धावणं जमेल, घाम गाळायची तयारी आहे. फर्मागुडीच्या चढावर बुटांचे क्लिप पेडलमधून वेळेत सुटले नाहीत आणि मी उभ्या सायकलसकट आडवी झाले. मागून सायकलवर पाव विकत येणारा पोदेर थांबला, 'मार लागलो काय गो बाय?' विचारलं, सायकल उचलून दिली आणि भोंपू वाजवत निघून गेला. कोपर सोललं, ते आठवड्यात भरलं. आता थांबायच्या दहा-पंधरा पावलं आधीच पाय सोडवून घेते. सायकलवरून उतरून लगेच धावायला लागलं की पहिलं अर्धं किलोमीटर मांड्या आपल्या नसल्यासारख्या वाटतात, तीही सवय होते आहे.

पाण्याचं तसं नाही. ७५० मीटर म्हणजे २५ मीटरच्या तलावात तीस फेऱ्या. जून संपेपर्यंत माझी एक फेरीही न थांबता झाली नव्हती. दम लागायचा आणि मला वाटायचं, छातीतच ताकद नाही. मग एका मैत्रिणीने काठावर बसून नीट पाहिलं आणि सांगितलं, 'अगं, तू श्वास सोडतच नाहीस.' खरंच होतं ते. पाण्यात तोंड घातलं की मी श्वास कोंडून धरायची. मग मान वळवली की त्या क्षणभरात आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, अशी दोन कामं. आत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडने जीव घाबरा होतो. हवा कमी पडली असं आपल्याला वाटतं, पण खरी गोष्ट ती नसते. पुढचे दोन आठवडे मी फक्त कठडा धरून पाण्यात बुडबुडे सोडले. सप्टेंबरात आठ फेऱ्या झाल्या.

मला सांगायचं आहे ते यापुढचं. आमच्या गावातले मुलगे वझरावर, म्हणजे झऱ्यावर, पोहायला शिकले, दोन सुके नारळ एकत्र बांधून पोटाखाली घेऊन. माझे दोन्ही भाऊ तसेच शिकले. मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायची. कोणी हात धरून अडवलं नाही, पण 'तू पण उतर' असंही कोणी म्हटलं नाही. आईला पोहता येत नव्हतं, आजीलाही नाही. समुद्र तासाभराच्या अंतरावर, घराघरात मासे, आणि बायका गुडघाभर पाण्यात साडी वर धरून उभ्या. माझ्या वयाच्या किती जणींची ही गोष्ट आहे, विचारून बघा.

आणि आता शिकायचं म्हटलं तर शिकवायचं कोणी? एका तलावावर मला स्वच्छ सांगितलं, 'या वयात कशाला, मुलांना पाठवा.' मुलांचे वर्ग आहेत, येत असलेल्यांसाठी वेळ राखलेली आहे. मोठ्या, घाबरणाऱ्या बाईला आधी श्वास सोडायला शिकवणारा वर्ग मला तीन ठिकाणी विचारूनही मिळाला नाही. याचा मला राग येतो. वेगाची आणि महागड्या घड्याळांची बोलणी नंतर करा, आधी माणसाला पाण्यात उतरवा! हे स्पर्धेपुरतंही नाही. किनाऱ्याच्या राज्यात पोहता येणं हे रस्ता ओलांडता येण्याइतकं साधं असायला हवं.

पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात करंझाळ्याला पहिल्यांदा समुद्रात उतरले, जीवरक्षकांना सांगून, लाल-पिवळ्या बावट्यांच्या मध्ये, मैत्रीण हाताच्या अंतरावर. खाली तलावासारखी रेघ नव्हती. गढूळ हिरवं पाणी, स्वतःचा पंजाही दिसेना. दर सहा हातांनी डोकं वर काढून समोरचं झाड बघायचं ठरलं होतं. मी बघितलं तेव्हा झाड डाव्या बाजूला गेलेलं. इथे मांडवीचं मुख जवळच, पाणी गुपचूप ओढतं. नाकातोंडात खारट पाणी गेलं, मी पाठीवर वळले, आभाळाकडे बघत श्वास मोजले, पुन्हा वळले. बारा हात मारले. मग अजून बारा.

बाहेर आले तेव्हा साडीतली एक म्हातारी बाई पायरीवर बसून बघत होती. 'पोंवपाक केन्ना शिकलें गो तूं?' तिने विचारलं. 'औंदू,' मी म्हटलं, म्हणजे यंदाच. ती पदर सावरून उठली आणि लाटेपर्यंत चालत गेली. घोट्यापर्यंत पाण्यात ती बराच वेळ उभी होती.

फोंडा, म्हार्दोळ, बांदोडे भागात सकाळी मोठ्या बायकांना पोहायला शिकवणारं कोणी असेल तर मला कळवा. आम्ही चौघी आहोत.