मठसुधारणेवर लेख कसा पाडावा

परवा मध्ययुगातल्या ख्रिस्ती मठांना शिस्त कशी लागली यावरच्या एका व्याख्यानात युरोपचा नकाशा पाहिला. फ्रान्समधल्या क्लूनी मठावर लाल ठिपका, ठिपक्यातून चहूकडे बाण. ‘अशी ही सुधारणा पसरली’ म्हणत वक्ते पाणी प्यायले. इतकं सोपं आहे. तुम्हालाही जमेल.

सुरुवात ९१० पासूनच, म्हणजे क्लूनीच्या स्थापनेपासूनच करा. त्याआधी आनियानच्या बेनेडिक्टने आखेनला ८१६-१७ मध्ये, बादशहा लुईच्या पाठबळावर, सगळ्या मठांना एकच नियमावली लावायचा खटाटोप केला होता, पण तो गाळा. मूळ नियमावली लिहिणारा बेनेडिक्ट वेगळा, आणि दोन बेनेडिक्ट झाले की वाचक गोंधळतो. (तुम्ही गोंधळलेले आहातच.)

सुधारणेचं दुसरं केंद्र असलेल्या गोर्झ मठाचं नाव काढू नका. उच्चार अवघड आहे.

बेनेडिक्टच्या त्या मूळ नियमावलीची ७३ प्रकरणं वाचायची गरज नाही. आठवड्याला १५० स्तोत्रं, दिवसाला पौंडभर पाव, आजाऱ्यांखेरीज कुणालाही चतुष्पादांचं मांस नाही, हे कळून करायचंय काय?

क्रियापद मात्र ‘पसरली’ हेच वापरा. त्याला माणसं लागत नाहीत. नाहीतर सांगावं लागेल की मठ बहुधा कुठल्यातरी सरदार घराण्याची खासगी मालमत्ता असे, आणि सुधारणा यायची ती त्या सरदाराच्या किंवा राजाच्या हुकमाने. बाहेरून आणलेला मठाधिपती दारात उभा राहायचा आणि आतल्यांना सांगायचा, मांस बंद, स्वतःची चीजवस्तू बंद. फ्रान्समधल्याच फ्लरीच्या मठात क्लूनीचा मठाधिपती ओडो असाच गेला, तर साधू तलवारी घेऊन आडवे आले, काही छपरावर चढून दगड घेऊन बसले. तीन दिवस बोलणी चालली, शेवटी हा गाढवावर बसून एकटाच आत शिरला. इंग्लंडात विंचेस्टरला ९६४ मध्ये बिशप एथेलवोल्डने राजाच्या माणसाला बरोबर घेऊन संसारी पाद्र्यांना सुनावलं: साधूचा झगा घाला नाहीतर चालते व्हा. आणि त्याच फ्लरीचा पुढे झालेला मठाधिपती आब्बो १००४ मध्ये ला रेओलच्या मठाला शिस्त लावायला गेला, तो दंग्यात भाला लागून मेला. कुठल्या बाणावर दाखवणार हे?

‘सगळे मठ क्लूनीच्या ताब्यात गेले’ हेही ठोकून द्या. फ्लरीने क्लूनीची रीत घेतली, ताबा कधीच दिला नाही. पण असल्या फरकाने टाळ्या पडत नाहीत.

आणि ‘क्लूनी स्थापणाऱ्या ड्यूक विल्यमने मठ पोपला देऊन टाकला’ हे तर हवंच. अहो, दिला तो संत पीटर आणि संत पॉल यांना! पोपकडे फक्त रक्षणाचं काम. मठाच्या मालमत्तेला हात लावायचा नाही अशी ज्यांना बंदी घातली, त्यांत राजे, सरदार, बिशप आहेत आणि खुद्द पोपही आहे. दानपत्रात स्वच्छ लिहिलंय. छापलेलं आहे, भाषांतरं आहेत, एका बैठकीत वाचून होतं. लोकांना तासभर बसवून ठेवता, मग तेवढं वाचून यायला काय होतं तुम्हाला?