लीड्समधल्या स्टोव्हच्या तक्रारीला उत्तर: धूर, लायनर आणि वाढलेले ६४० पौंड

नमस्कार ताई,

तुमच्या हॉलमध्ये मी बसवलेल्या, लाकूड जाळून खोली तापवणाऱ्या स्टोव्हबद्दलचा तुमचा दोन स्टारचा अभिप्राय काल रात्री वाचला. दिवाळीच्या दुसऱ्या संध्याकाळी हॉलमध्ये धूर भरला, तरी छतावरचा वाईट दिसणारा अलार्म वाजला नाही, सोफ्यावर धूळ राहिली, ठरल्यापेक्षा ६४० पौंड जास्त लागले, एका दिवसाचं काम तीन दिवस चाललं, आठ किलोवॉटचा स्टोव्ह मागितला तर पाचचा बसवला, आणि गावाकडच्या चुलीला यातलं काहीच लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. सकाळी फोनवर सांगितलं तेच आधी इथे लिहितो. मी येऊन पाहीपर्यंत स्टोव्ह पेटवू नका.

धूर का आला ते तुमच्या अभिप्रायातल्याच एका वाक्यात आहे. "चकल्या तळत होतो आणि अचानक..." तळण चालू म्हणजे शेगडीवरचा हूड पूर्ण वेगात असणार. तो पंखा घरातली हवा सतत बाहेर फेकत असतो. तुमच्या सगळ्या खिडक्यांना डबल ग्लेझिंग आहे, फटी राहिलेल्या नाहीत. बाहेर गेलेल्या हवेच्या जागी कुठून तरी हवा यायलाच हवी, आणि घरात उघडं भोक एकच, चिमणी. वर जाणारा धूर मग खाली खेचला जातो.

हे मला आधी कळायला हवं होतं आणि ही चूक माझी आहे. इथल्या बांधकाम नियमांच्या 'अप्रूव्हड डॉक्युमेंट जे'मध्ये स्पष्ट आहे की घरातले पंखे चालू असोत वा बंद, धूर चिमणीतूनच गेला पाहिजे. मी ती चाचणी घेतली होती. कालच तो कागद काढून पाहिला. माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'हूड पूर्ण वेगात, मधलं दार बंद'. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधलं ते दार तुमच्याकडे कधीच बंद नसतं. चपलांचा रॅक त्याला टेकवलेला असतो, चाचणीसाठी तो मीच बाजूला सरकवला होता. तुम्ही घरात जसे राहता तशी चाचणी मी घेतली नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. आता दार उघडं ठेवून पुन्हा चाचणी होईल. धूर उलटा आला तर भिंतीत हवेचा झरोका बसवून देईन आणि पुन्हा तपासेन. त्याचा एक पैसाही घेणार नाही.

अलार्म वाजला नाही म्हणून तो शोभेचा आहे, असं कृपया समजू नका. तो धुराचा नाही, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे. हवेत हा वायू ५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) असेल तर तो तास-दीड तासाने वाजतो, १०० असेल तर दहा ते चाळीस मिनिटांत, ३०० ला तीन मिनिटांच्या आत. तुम्ही लगेच खिडक्या उघडल्यात, अगदी योग्य केलंत. छतावर तो वाईट दिसतो हे मान्य, पण स्टोव्हपासून आडव्या अंतराने एक ते तीन मीटरच्या आत आणि भिंतीपासून निदान ३०० मिलिमीटर दूर ही जागा नियमाने ठरलेली आहे. पडद्यामागे लावता येत नाही.

आता पैशांचं. मी पहिल्यांदा घर पाहायला आलो तेव्हा त्या जागेत जुना गॅस फायर होता आणि त्याच्या मागे पत्रा ठोकलेला होता. वर चिमणीत काय आहे ते दिसत नव्हतं. म्हणून अंदाजपत्रकात 'लायनर, गरज पडल्यास' असं लिहिलं. लायनर म्हणजे चिमणीच्या आत सोडायची धुराची नळी. गॅस सेफ, म्हणजे गॅसचं काम करायची अधिकृत नोंदणी असलेल्या माणसाने गॅस फायर काढून गॅसची नळी बंद केल्यावर आत जॅकडॉचं घरटं निघालं. हे इथले कावळ्याच्या कुळातले पक्षी, चिमणीत काटक्या टाकत जातात. पाच गोण्या भरल्या. ऑक्टोबर होता म्हणून ते रिकामं होतं. पिल्लं असती तर १९८१च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे काम थांबवावं लागलं असतं. चिमणी झाडून घेतली, वरचं तोंड बंद केलं आणि खाली धुराची वडी पेटवली. दहा मिनिटांत धूर वरच्या मजल्यावर, मुलांच्या खोलीत, कपाटामागच्या भिंतीच्या तळातून येऊ लागला.

तुमचं घर व्हिक्टोरियन काळातल्या, एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या ओळीतलं. विटांच्या त्या चिमणीला आतून चुन्याचा गिलावा असतो. शंभराहून जास्त वर्षं कोळशाच्या काजळीने आणि आम्लाने तो खाऊन जातो, विटांमधले सांधे उघडे पडतात. शिवाय उघड्या शेकोटीसाठी ती चिमणी मुद्दाम रुंद बांधलेली. उघडी शेकोटी खोलीतली भरपूर हवा ओढून वर पाठवते. बंद स्टोव्ह मोजकीच हवा घेतो, त्याचा धूर कमी आणि संथ. एवढ्या मोठ्या थंड पोकळीत तो निवतो, त्यातलं डांबर भिंतींना चिकटतं आणि एखाद्या रात्री चिमणीच पेट घेते. म्हणून वरपासून खालपर्यंत १२५ मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी सोडावी लागली. वरच्या खोलीत मुलं झोपतात. त्या नळीशिवाय तिथे आग लावायला मी तयार झालो नसतो, आजही होणार नाही.

पण तुमच्या रागातला एक भाग रास्त आहे. तुम्ही ऑफिसात होतात. मी दारात उभं राहून तुमच्या मिस्टरांना आकडा सांगितला, ते "करा" म्हणाले आणि मी कामाला लागलो. तिथे थांबून तुम्हा दोघांना लेखी पाठवायला हवं होतं. नळीची किंमत मला परत करता येणार नाही, पण त्या ६४० मधली १८० पौंडांची मजुरी परत करतो आहे. पैसे याच आठवड्यात खात्यात येतील.

गावच्या चुलीचं तुम्ही लिहिलंत ते वाचून थोडा वेळ बसून राहिलो. माझी आजी साताऱ्याकडची. तिच्या चुलीला धुराडं नव्हतं, धूर कौलांच्या फटींतून निघून जायचा, तोही सगळा नाही. तिचा खोकला मला अजून आठवतो, आणि फुंकणी घेऊन वाकल्यावर पाण्याने भरलेले तिचे डोळेही. कौलं होती म्हणून ते घर श्वास तरी घेत होतं. इथलं घर थंडीसाठी डबीसारखं बंद केलेलं असतं. म्हणून मी इतका मागे लागतो.

पाच किलोवॉटचा स्टोव्ह स्वस्त पडतो म्हणून बसवला नाही. तुमचा हॉल साधारण ४.२ बाय ४ मीटर, उंची २.७. म्हणजे जवळपास ४५ घनमीटर. आमच्या धंद्यात त्याला १४ ने भागतात. सव्वातीन किलोवॉट होतात. आठचा असता तर खोली तापून तुम्ही हवेची कळ बंद करत राहिला असता, आग धुमसत राहिली असती, काच काळी पडली असती आणि नळीत डांबर साचलं असतं. शिवाय पाचच्या वरच्या प्रत्येक किलोवॉटमागे ५५० चौरस मिलिमीटर कायम उघडा झरोका लागतो. आणि तुम्ही राहता तो भाग स्मोक कंट्रोल एरियात, म्हणजे चिमणीच्या धुरावर निर्बंध असलेल्या भागात येतो. तिथे लाकूड जाळायला परवानगी असलेलाच स्टोव्ह चालतो, तुमचा तसा आहे.

तीन दिवसांपैकी एक घरट्यात आणि झाडण्यात गेला, एक नळीत. सोफ्यावर धूळ राहिली ते खरंच वाईट झालं. चादर घालायचं काम माझ्या हाताखालच्या कामगारांचं होतं.

एक विचारायचं राहिलं. स्टोव्हशेजारच्या टोपलीतलं लाकूड कुठून आणलंत? फोटोत त्याची साल हिरवट दिसते आहे. सुक्याबरोबर ओलंही जळतं ही म्हण इथे चालत नाही. ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर आगीतली बरीच उष्णता पाणी उकळण्यातच जाते. पोत्यावर 'रेडी टू बर्न'चा शिक्का पाहा. २०२१पासून इंग्लंडमध्ये छोट्या पोत्यांतल्या लाकडावर तो असावाच लागतो.

हेटासचं (असे स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र जपून ठेवा, घर विकताना वकील ते मागतात. झरोका बसवावा लागला तर त्याची नोंदही लेखी देईन.

शनिवारी सकाळी नऊला येतो. ओलावा मोजायचं मीटर आणि धुराच्या वड्या घेऊन येईन, धूळ काढायला एक माणूसही सोबत असेल. हूड पूर्ण वेगात लावू. ते मधलं दार मात्र नेहमीसारखं उघडंच असू द्या, चपलांचा रॅकही तिथेच.