आठवडा भाड्याने देणे आहे

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४४ ला टेकला की नातेवाइकांत माझा भाव वधारतो. महाबळेश्वरच्या एका रिसॉर्टमध्ये माझा आठवडा आहे. जमीन नाही, खोली नाही, आठवडा. २५ वर्षांची मेंबरशिप, वर्षाला एक आठवडा तिथे राहायचा हक्क आणि दरवर्षी मेंटेनन्स. तुम्ही जा नाहीतर इथे कूलरपुढे बसा, मेंटेनन्स चुकत नाही. थकला की बुकिंग बंद. म्हणून जाणं जमत नसेल त्या वर्षी आठवडा दुसऱ्याला द्यावा आणि निदान मेंटेनन्स तरी सुटावा, एवढीच माझी माफक अपेक्षा.

अनोळखी माणसाची मला धास्ती नाही. एका गृहस्थाने तर भावात घासाघीसही केली नाही. क्यूआर कोड पाठवून म्हणाला, "सर, स्कॅन करून पिन टाका, ॲडव्हान्स लगेच जमा होईल." शेंगाची चटणी कुटता कुटता बायको म्हणाली, "पैसे यायला पिन लागत नाही, जायला लागतो." विषय संपला.

खरा घोर ओळखीच्यांचा. यंदा बायकोचा मावसभाऊ तयार झाला. "दाजी, आपल्यात कागद कशाला?" हे वाक्य कानावर पडलं की कागद केलाच पाहिजे, असं माझं मत आहे.

कोर्टाजवळ स्टॅम्प घ्यायला गेलो. १०० रुपयांत भागायचे दिवस ऑक्टोबर २०२४ मध्येच संपले. आता ५०० चा. विक्रेत्याने रजिस्टर उघडलं.

"कशासाठी? घर भाड्याने?"

"नाही, आठवडा."

"आठवडी बाजारातला गाळा का?"

"महाबळेश्वरचा आठवडा."

त्याने माझ्या टोपीकडे पाहिलं, बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं आणि रजिस्टरात नुसतं 'करारनामा' लिहिलं.

वकीलसाहेब म्हणाले, "हा भाडेपट्टा होत नाही. १८८२ च्या ईझमेंट्स ॲक्टातल्या कलम ५२ सारखी वापरायची परवानगी म्हणा. आणि मालकी तर तुमचीही नाही, तुम्हालाही वापरायलाच दिलंय." 'महाबळेश्वरला आपलं आहे' म्हणून मी चारचौघांत मिरवत होतो, ते त्यांनी उभ्या उभ्या काढून घेतलं. वर फी घेतली.

बाकी सल्ला मात्र चोख. आधी कंपनीचे नियम बघा: कुणाला पाहुणा चालतो, कुणी त्याचे वेगळे पैसे लावतं, कुणाला भाड्याने दिलेलं मुळीच खपत नाही. आमच्याकडे गेस्ट लेटरवर, म्हणजे मेंबरने पाहुण्याच्या नावाने दिलेल्या पत्रावर, चालतं. मग कलमं घातली. निम्मे पैसे बुकिंगला, उरलेले गेस्ट लेटरच्या आधी. ऐनवेळी रद्द केलं तर परतावा नाही, कारण आठवडा काही पुन्हा विकता येत नाही. जेवणाची बिलं, फुटलेल्या काचा, सगळं पाहुण्याकडे. रिसॉर्ट मेंबरलाच ओळखतं.

मेहुण्याने बशीतला चहा संपवत, न वाचता सही ठोकली. ॲडव्हान्सही दिला. उरलेले?

पैसे मागायचा फोन आमच्याकडे पैशाने सुरू करता येत नाही. आधी मामींचा गुडघा. मग उजनी किती टक्के. मग तुमच्याकडे पाणी किती दिवसांआड येतंय, आमच्याकडे किती, आणि आलं तर रात्री किती वाजता. पाण्यावर दोघांचा इतका जीव जळतो की पैशाचं नाव काढायला तोंडच धजत नाही. धीर करून "बरं, ते आपलं..." म्हणावं, तोवर पलीकडून, "ठेवतो दाजी, दुकानात गिऱ्हाईक आलंय." त्याच्या दुकानात एवढी गिऱ्हाइकं असती तर तो स्वतःच रिसॉर्ट बांधता.

मी गेस्ट लेटर दाबून बसलो. बायको दोन्ही पक्षांची, त्यामुळे गप्प. अखेर त्याचा फोन आला, पसरणी घाटातून. मागे पोरं ओरडत होती.

"दाजी, लेटर?"

"बाकी?"

घाट उतरायच्या आत... म्हणजे चढायच्या आत पैसे आले. एक रुपया वर ठेवून, शुभकार्य म्हणून. मी लेटर पाठवलं आणि त्या रात्री निवांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिसॉर्टचा फोन. "सर, तुमचे पाहुणे म्हणतायत, जेवणाची बिलं दाजींच्या मेंबरशिपवर टाका. टाकू?"

"मुळीच नाही," म्हणालो आणि मेहुण्याला कलम वाचून दाखवावं म्हणून करारनामा काढला. कलम जागच्या जागी होतं. खाली मेहुण्याची सहीसुद्धा होती, वळणदार, ठळक. साक्षीदाराच्या जागी.