ब्लेड सोडलं म्हणजे खेळ सोडला? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

गोल्फमध्ये सिंगल हँडिकॅपवाल्यांनी, म्हणजे चांगल्या हौशी खेळाडूंनी, आयर्न (पातळ धातूच्या डोक्याचे क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या) कसे निवडावेत, या माझ्या लेखाखाली तुम्ही माझी चांगली खरडपट्टी काढली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की, चांगल्या खेळाडूला कॅव्हिटी बॅक (पाठ पोखरून वजन कडेला नेलेला आयर्न) सुचवणं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याच्या कमरेला डबा बांधणं. चूक पोटात घालणारा क्लब हात आळशी करतो. ब्लेडवर (भरीव, सपाट पाठीच्या आयर्नवर) चुकीचा मार बसला की बोटांना झिणझिण्या येतात आणि माणूस त्यातूनच शिकतो. शिवाय मी दुकानदाराची भाषा बोलून राहिलो. शेवटी टोमणा होताच: ‘मग माझा ३ आयर्न भंगारवाल्याला देऊ का?’

दुकानदाराचं आधी मिटवतो. माझा सेट सेकंडहँड आहे, बदली होऊन चाललेल्या एका फौजी साहेबांकडून घेतलेला. आजवर मला कुणी साधी टोपीही फुकट दिलेली नाही.

आणि ब्लेडबद्दल म्हणाल, तर मीही सहा वर्षं ब्लेडच वापरले. डिसेंबर-जानेवारीत, सकाळी दव असताना, त्यांच्यासारखं सुख नाही. पण मे महिन्यात माझा खेळ दरवर्षी बिघडायचा आणि दरवर्षी मी स्वतःच्या स्विंगला शिव्या द्यायचो. एकदा वैतागून क्लबच्या तोंडावर पायाला मारायचा पावडरचा स्प्रे मारला आणि वीस चेंडू मारले. हिवाळ्यात मधोमध उमटणारे ठसे आता खाली आणि टोकाकडे सरकलेले होते. हात तेच, क्लब तोच, बदललेली होती ती जमीन. आपल्या नागपूरची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, तिच्यावरच्या विरळ गवतात चेंडू टेकतो तो जवळजवळ फरशीवर टेकल्यासारखा. तिथे एक केसभर चुकलं की मार खालच्या कडेवर.

हे फक्त तुमच्या-माझ्यासारख्या हौशी माणसाचं दुखणं नाही. २०२१ च्या ब्रिटिश ओपनआधी अमेरिकन व्यावसायिक कॉलिन मोरिकावा स्कॉटलंडमध्ये खेळला, तर तिथल्या कडक, विरळ गवतावर त्याला क्लबच्या तोंडाचा मध्य सापडेना. त्याने ७ ते ९ नंबरचे (नंबर जितका लहान तितका चेंडू लांब) ब्लेड बॅगेतून काढले आणि त्यांच्या जागी छोटी कॅव्हिटी असलेले आयर्न घातले. पुढच्याच आठवड्यात इंग्लंडमधल्या रॉयल सेंट जॉर्जेस मैदानावर तो ओपन जिंकला. आयर्न मारण्यात त्या वेळी जगात ज्याचं नाव घेतलं जायचं, त्याने हे केलं. त्याच्या कमरेला डबा बांधला असं आपण म्हणणार का?

ब्लेडमध्ये नेमकं होतं काय, तेही पाहू. आयर्नचा गुरुत्वमध्य तोंडाच्या बरोबर मधे असतो असं आपण धरून चालतो. ब्लेडमध्ये तो बहुतेक वेळा हीलकडे (दांड्याच्या बाजूला) असतो, कारण शाफ्ट, म्हणजे दांडा, बसते त्या नळीचं वजन त्याला आपल्याकडे ओढतं. म्हणजे डोळ्यांना जो मध्य दिसतो, तिथे लागलेला चेंडूही खरं तर थोडा टोकाकडचाच असतो. त्यात आणखी टोकाकडे लागला की डोकं वळतं, चेंडूचा वेग पडतो आणि ग्रीनवर (भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) जाणारा फटका पुढच्या बंकरात (वाळूच्या खड्ड्यात) उतरतो. कार्स्टन सोल्हाइमने पिंग ही क्लबची कंपनी काढून वजन कडेला नेण्याचा मार्ग दाखवला तो याच दुखण्यावर. हल्लीच्या खेळाडूंसाठीच्या छोट्या आयर्नमध्ये टोच्या, म्हणजे टोकाच्या, आत टंगस्टन भरतात. पोलादाच्या अडीचपट जड धातू, त्यामुळे डोकं न फुगवता गुरुत्वमध्य मधोमध येतो. वरून पाहिलं तर टॉपलाइन (वरची कड) बारीक, ऑफसेट (तोंड दांड्यापासून मागे असणं) नावाला. फेड (उजवीकडे वळणारा फटका) मारायचा तर फेड, ड्रॉ (डावीकडे वळणारा) मारायचा तर ड्रॉ. नियंत्रण गेलं कुठे?

ते जातं दुसऱ्याच वाटेने, आणि इथे तुमच्यापुढे मान तुकवतो. माझ्या लेखात लॉफ्टचा (क्लबच्या तोंडाच्या तिरकेपणाचा) उल्लेखच नव्हता, ती माझी मोठी चूक. जुन्या धाटणीच्या ७ नंबरचा लॉफ्ट ३४-३५ अंश असतो. आतून पोकळ, पातळ तोंडाच्या ‘लांब जाणाऱ्या’ सेटमध्ये त्याच ७ आकड्याखाली ३० अंश असतात, काहींमध्ये त्याहूनही कमी. चेंडू लांब जातो, माणूस खूश होतो, पण स्पिन घटतो आणि चेंडू ग्रीनवर चपट्या कोनाने उतरतो. ग्रीनवर थांबायचं तर उतरताना साधारण ४५ अंश तरी हवेत. आपल्या उन्हाळ्यातल्या टणक ग्रीनवर ३० अंशांचा ७ नंबर म्हणजे चेंडू मागच्या झुडपात. असे सेट घेऊन खेळ बिघडवणारे चांगले खेळाडू मीही पाहिलेत. तुमचा राग त्यांच्यावर असेल तर मी तुमच्याच बाजूला आहे. पण तो दोष लॉफ्टचा, कॅव्हिटीचा नव्हे. ३४ अंशांचा कॅव्हिटी बॅक आयर्न बाजारात मिळतो.

आणि राजेहो, आपण सगळे क्लबची पाठ पाहत बसतो, पण नागपुरात निवड करायची ती तळ पाहून. सोल (तळ) रुंद आणि बाउन्स (तळाचा कोन, जो क्लबला रुतू देत नाही) जास्त असेल तर मे महिन्यात क्लब जमिनीवर आपटून उडतो आणि चेंडू कडेने चाटला जातो. सोल अगदी धारदार असेल तर जुलैत तोच क्लब चिखलात रुततो आणि चेंडूच्या आधी अर्धा किलो काळी माती पुढे जाते. मला मधला मार्ग मानवला: मध्यम रुंदीचा सोल, पुढची कड थोडी घासलेली आणि मागची कडही गोलसर, म्हणजे क्लब शिरतोही आणि निघतोही. दुकानात काच लावल्यासारखी चमकणारी पाठ सगळे पाहतात, क्लब उलटा धरून तळ पाहणारा क्वचितच दिसतो.

झिणझिण्यांचं सांगतो. आपण ज्याला ‘फील’ म्हणतो त्यात आवाजाचा वाटा फार मोठा आहे. कानात कापूस घालून दोन्ही क्लब मारून पाहा. मी पाहिले. ब्लेडची निम्मी मऊ गोडी कापसासोबत गेली. राहिलं शिकण्याचं, तर कुठे लागलं हे कॅव्हिटी बॅकही सांगतो, फक्त शिक्षा म्हणून दोन शॉट घेत नाही. रेंजवर सरावाला ब्लेड ठेवा की, कोण नाही म्हणतं? पण स्पर्धेच्या दिवशी शिकायचं कशाला?

सगळा सेट एकाच जातीचा हवा, हा हट्टही सोडायला हरकत नाही. अमेरिकन व्यावसायिक स्कॉटी शेफलरने २०२४ ची मास्टर्स स्पर्धा जिंकली तेव्हा ५ नंबरपासून खाली त्याच्याकडे टायगर वूड्सच्या नावाचे ब्लेड होते, पण ३ आणि ४ नंबर मात्र पोकळ डोक्याचे, तेही दुसऱ्याच कंपनीचे. माझ्याकडे ४ आणि ५ पोकळ, ६-७ कॅव्हिटी आणि ८ पासून वेजपर्यंत (सगळ्यात जवळच्या फटक्यांचा क्लब) बारके, जवळजवळ ब्लेडच. जवळच्या फटक्यांच्या आयर्नने चूकही छोटीच होते, तिथे तुमचं ब्लेड मला पूर्ण मान्य. मिसळताना एक काळजी घ्या: पोकळ ५ नंबरचा लॉफ्ट कडक, म्हणजे कमी, असतो, त्यामुळे ५ आणि ६ च्या मधे मोठं भगदाड पडतं. लॉफ्ट मोजून घ्या. फोर्ज केलेलं (ठोकून घडवलेलं) मऊ पोलाद एक-दोन अंश सहज वाकवता येतं, ओतीव स्टेनलेस अडून बसतं. आणि लॉफ्ट एक अंश कमी केला की बाउन्सही एक अंश कमी होतो, म्हणजे पावसाळ्यात तो क्लब आणखी रुतणार. हे मला वाकवून आणल्यावर कळलं, आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता तुमचा ३ आयर्न. भंगारात मुळीच देऊ नका. ग्रीनवर टाकायला तो तुम्हाला आणि मला दोघांनाही जमत नाही, हे आपल्यातच ठेवू. पण झाडाखालून वाकून चेंडू फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) काढायला, किंवा उन्हाळ्यात टणक फेअरवेवर टीवरून (पहिल्या फटक्याला) खाली मारून चाळीस यार्ड घरंगळत न्यायला त्याच्यासारखा क्लब नाही. फक्त नियमाच्या चौदा क्लबांत तो बसतो का, तेवढं मोजा. मागच्या वेळी तुमच्या बॅगेत पंधरा होते, कॅडीने मला खुणेने सांगितलं होतं.