केआगे वीजकेंद्र 'जगातलं पहिलं' नाही

'जपानी अभियंते साकुरो तानाबेंनी क्योटोत जगातलं पहिलं जलविद्युत केंद्र उभारलं', हा दावा चुकीचा आहे. अमेरिकेत ॲपलटनला १८८२ मध्ये, तर जपानातच सेंदाईच्या सूतगिरणीत १८८८ मध्ये पाण्यावर वीज बनली होती. क्योटोतलं १८९१ चं केआगे हे वीज विकणारं जपानचं पहिलं जलविद्युत केंद्र.

तानाबेंचं खरं मोठेपण बिवा सरोवराचं पाणी क्योटोला आणणाऱ्या बिवा कालव्यात आहे. १८८५ साली काम सुरू झालं, तेव्हा ते पंचविशीतही नव्हते. कालव्याचा डोंगरातला २,४३६ मीटरचा बोगदा फक्त दोन टोकांनी खणला असता, तर फार वेळ लागला असता. म्हणून डोंगरावरून सुमारे ४७ मीटर खोल उभी विहीर उतरवली. तिच्या तळातून दोन्हीकडे खोदत चार तोंडांवर काम चाललं. झिरपणारं पाणी मात्र सतत उपसावं लागे. पुढे तानाबे विद्यापीठात शिकवू लागले.