पुढचा ब्रेक कुठल्या हाताला?

जगात जर्मनी अन् भारतात परभणी हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय, पण सायकलच्या ब्रेकवरून ह्या दोघांचं अजिबात जमत नाही. तिकडं पुढच्या चाकाचा ब्रेक बहुतेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडं उजव्या. अन् मी मेव्हण्याकडून जी गिअरची सायकल घेतली ती तिकडच्या पद्धतीची निघाली. मेव्हणा पुण्यात राहतो, त्यामुळं सायकलसोबत सल्ला फुकट. "दाजी, हात लावू नका, इंटरनॅशनल सेटिंग आहे."

आता कुणी म्हणंल, कुठं का असंना, दाबला की थांबतंय ना. तसं नसतंय. ब्रेक मारला की सगळं वजन पुढं जातं, मागचं चाक हलकं पडतं, मग मागचा कितीबी दाबा, चाक नुसतं घासत जातं, खरं थांबवायचं काम पुढचाच करतो. पण त्याच पुढच्याला घाबरून गच्च आवळलं की मागचं चाक हवेत अन् आपण हँडलवरून थेट वसमत रोडवर. म्हणजे कुठल्या हातानं किती दाबायचं हे डोक्याला विचारत बसायला टाइमच नसतो, ते हातालाच पाठ पाहिजे. माझे हात सळईच्या ब्रेकवाल्या काळ्या सायकलवर शिकलेत, उजवा म्हणजे पुढचा. नंतर मोटरसायकल आली, तिचाबी पुढचा उजव्यालाच, अन् तो तर जर्मनीतबी उजव्यालाच असतो, तिथं त्यांचं काही चालत नाही.

मेव्हण्याला हे फोनवर सांगितलं तर त्यानं अमेरिका काढली. तिथं म्हणे सरकारी नियमातच लिहिलंय, पुढचा डाव्या हाताला, मागचा उजव्या, अन् गिऱ्हाईकानं ऑर्डर देताना उलटं मागितलं तरच उलटं. मला त्यातलं फक्त शेवटचं पटलं. गिऱ्हाईक मीच की!

आपल्याकडं पुढचा उजव्याला असण्यामागं कारण काय देतात तर हातानं द्यायचा सिग्नल. आपण डावीकडून चालतो, उजवीकडं वळताना उजवा हात बाहेर काढायचा, तेव्हा हँडलवर राहिलेल्या डाव्या हातात मागचा ब्रेक बरा, एका हातानं पुढचा दाबून पालथं व्हायला नको. लॉजिक एकदम पक्कं आहे, फक्त परभणीत हात दाखवून वळतंय कोण? आमचे ऑटोवाले वळताना पाय बाहेर काढतात. दोन्ही हात ब्रेकला मोकळे, ही सोय जर्मनीला अजून सुचलेली नाही.

घरात विचारलं तर बायको म्हणाली माझ्या स्कुटीचा डावा दाबला की पुढचा-मागचा दोन्ही लागतात, तसं करून घ्या. (२०१९ ला १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी सोय, नाहीतर हे जोडब्रेक सक्तीचे झाले, त्यामुळं तिचंबी चूक नाही.) पोरगं म्हणलं, पप्पा, मी तर दोन्ही एकदमच दाबतो. ह्यांना कुणाला प्रॉब्लेमच नव्हता, म्हणजे तो एकट्या माझाच होता.

शेवटी स्टेशनजवळच्या चाचांकडं नेली. त्यांनी डावा दाबला, उजवा दाबला, माझ्याकडं बघितलं. "सर, ये तो उल्टा है." एवढ्यावर विषय संपायला पाहिजे होता, पण वायरी अदलाबदल करायला घेतल्या तर नवीनच भानगड. पुढच्या ब्रेकला एक वाकडी नळी असते, तिचं तोंड एकाच बाजूला, त्यामुळं एका हाताकडून येणारी वायर छान गोलाईत येते अन् दुसऱ्याकडून आली की मान मुरगाळल्यासारखी. वायर जास्त वाकली की आत घासते अन् ब्रेक जड लागतो. चाचांनी जुनं कव्हर फेकून नवीन लांब कव्हर टाकलं, मोठा वळसा देऊन आणलं. तोवर टपरीवरची चहावाली मंडळी गोळा झाली, अन् ज्यांच्याकडं सायकलच नाही त्यांची मतं सगळ्यात ठाम. एक जण म्हणला पुढचा ब्रेक काढूनच टाका, त्यानंच लोकं पडतात. दुसरा विचारायला लागला, "किती रुपये घालवायलात सर ह्याच्यात? नवी आली असती की!"

तर आता पुढचा उजव्या हाताला. मी खुश, मेव्हणा नाराज.

सायकल सगळ्यात जास्त वापरतात मात्र आमचे नाना. सकाळी कृषी विद्यापीठाकडं चक्कर मारून येतात, म्हणून कौतुकानं विचारलं, नाना, ब्रेक आता नीट लागतोय ना? ते म्हणले, "कुठला ब्रेक?" मग बघितलं तर सायकल हळू झाली की पाय खाली टेकवून घासत थांबवतात. दारातली चप्पल उलटी करून बघितली, डाव्या पायाची पार झिजलेली. म्हणजे मेव्हण्याला घरातून एक मत पडलंच.