फिजिकल डायरेक्टरने नेमके किती खेळ घ्यावेत?

कुठल्याही ग्रामीण कॉलेजचा वार्षिक अहवाल काढा आणि जिमखान्याचं पान वाचा. 'यंदा महाविद्यालयाने १६ क्रीडाप्रकारांत सहभाग घेतला' अशा थाटाचं वाक्य हमखास सापडतं. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायलीत ते बरं दिसतं, फिजिकल डायरेक्टरच्या म्हणजे क्रीडा संचालकाच्या कॅसलाही (पदोन्नतीलाही) उपयोगी पडतं. त्या १६ पैकी किती संघांनी सलग महिनाभर सराव केला, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझं मत थोडं कडू आहे. सात-आठशे मुलांच्या कॉलेजात एकटाच क्रीडा संचालक असेल, तर त्याने दोन सांघिक खेळ आणि ॲथलेटिक्स एवढंच शिकवायला घ्यावं. तालमीतून तयार होऊन एखादा पैलवान आला तर त्याची एंट्री भरावी, वजनाच्या दिवशी सोबत जावं, पदक आलं तर पेढेही वाटावेत. श्रेय मात्र वस्तादाचं.

मुळात हाताशी वेळच किती असतो? प्रवेश संपता संपता ऑगस्ट उजाडतो आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर येतात. मैदानात चिखल. मुलं एसटीने येणारी, म्हणजे संध्याकाळचा सराव शेवटच्या गाडीच्या वेळेवर. उरतो तो सकाळच्या पहिल्या गाडीपासून पहिल्या लेक्चरपर्यंतचा तास-दीड तास. तो पाच खेळांत वाटला की कुणाच्याच पदरात काही पडत नाही.

खेळ निवडताना स्वतःची आवड बाजूला ठेवून आजूबाजूच्या शाळा काय खेळतात ते बघावं. शाळांतून खो-खोच्या मुली तयार येत असतील तर खो-खो डोळे झाकून घ्यावा. नसतील तर नाद सोडावा, कारण पाटीवरून (बसायच्या चौकोनातून) उठण्याची शिस्त आणि खांबावरचा सूर अठराव्या वर्षी कोऱ्या पाटीवर गिरवायला एक हंगाम पुरत नाही. कबड्डीत तसं नाही. दणकट, चपळ मुलगा दोन महिन्यांत निदान बचावाच्या साखळीत उभा राहतो.

कबड्डीची खरी अडचण मॅट. गावात सराव मातीवर अनवाणी आणि स्पर्धा मॅटवर बूट घालून. मातीत पाय थोडा घसरतो, त्यामुळे वळताना गुडघ्यावरचा ताण सुटतो. मॅटवर बूट जागीच धरून ठेवतो, अंग फिरतं आणि गुडघा पिळतो. मग लिगामेंट जातं आणि मुलाचं वर्षही. स्पर्धेआधी आठ-दहा दिवस तरी शेजारच्या कॉलेजची किंवा शाळेची मॅट मागून घ्यावी, आणि पहिले दोन दिवस पकडी न घेता नुसत्या चढाया आणि वळणं करून घ्यावीत. स्वतःची घ्यायची तर पुरुषांच्या १३ बाय १० मीटरच्या मैदानाला एक चौरस मीटरचे १३० तुकडे लागतात, बाजूची मोकळी जागा वेगळी. तुकडे उन्हात टाकून ठेवले की वाकतात, सांधे उघडतात आणि त्याच फटीत अंगठा अडकतो.

ॲथलेटिक्सला मुलं शोधावी लागत नाहीत. पोलीस भरतीची मुलं पहाटेच मैदानावर असतात, कारण १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून ५० गुण. पण ती रोज १६०० मीटर जीव तोडून पळतात आणि महिन्याभरात नडगी धरून बसतात. आठवड्यात दोनच दिवस वेगाचे, बाकी हळू पळणं, एवढं त्यांच्या गळी उतरवलं तरी १५०० मीटरला दोन धावपटू मिळतात. (संचालकपदाच्या शारीरिक चाचणीत तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराला १२ मिनिटांत १८०० मीटर जायचं असतं. भरतीची पोरं हे ऐकून हसतात.)

ट्रॅक आखताना एक चूक फार ठिकाणी दिसते. लहान कॉलेजात २०० मीटरचाच ट्रॅक बसतो आणि २०० मीटर शर्यतीसाठी पुस्तकातला ३.५२ मीटरचा स्टॅगर (बाहेरच्या लेनची सुरुवात जितकी पुढे घ्यायची ते अंतर) दिला जातो. तो आकडा ४०० मीटरच्या ट्रॅकचा, जिथे २०० मीटरमध्ये एकच वळण येतं. आपल्याकडे पूर्ण फेरी, म्हणजे दोन वळणं. स्टॅगर वळणांवर आणि लेनच्या रुंदीवर ठरतो, ट्रॅकच्या लांबीवर नाही. त्यात फक्कीच्या (चुन्याच्या पुडीने आखलेल्या) ट्रॅकला उंच कडा नसते, त्यामुळे पहिली लेनही बाकीच्यांसारखीच रेषेपासून २० सेंटीमीटरवर मोजायची. १.२२ मीटरच्या लेनला मग दुसऱ्या लेनपासून प्रत्येक लेन आधीच्या लेनपेक्षा ७.६७ मीटर पुढे. ३.५२ दिले तर दुसऱ्या लेनमधला बिचारा चार मीटर जास्त पळतो आणि हरतो.

हे सगळं पूर्णवेळ माणसाचं काम आहे. कितीतरी कॉलेजांत ते सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) चालतं. तासिकेचे पैसे लेक्चरचे. पहाटेच्या सरावाची, रविवारच्या सामन्याची, मुलींच्या संघासोबत केलेल्या मुक्कामाची तासिका कुठे लिहायची? अशा माणसाकडून १६ खेळांचा अहवाल मागितला की तो कागदावरच मिळणार.

कागदांचं म्हणाल तर संघ मैदानावर हरण्याआधी टेबलावर हरतो. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही, मधल्या वर्षाचं गॅप सर्टिफिकेट नाही, एंट्रीची मुदत काल संपली. जुलैमध्ये प्रवेशाच्या खिडकीपाशीच खेळाडूंचे कागद गोळा केले तर यातलं बरंच टळतं. आणि स्पर्धा संपल्यावर सही-शिक्क्याची संघयादी, निकालपत्र, सामन्यांचा तक्ता यांच्या प्रती वर्षवार फायलीत लावाव्यात. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्र पडताळणीला जातं, तेव्हा मुलगा कॉलेज सोडून गेलेला असतो आणि संचालकही बदललेला असतो. फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवावी. खालच्या कप्प्याला पावसाळ्यात वाळवी लागते.